विरजणाचा नकाशा

वर्ध्यात परदेशी माणूस दिसला तर कोणी मान वळवून पाहत नाही. रिक्षावालेसुद्धा कुठं जायचं ते विचारत नाहीत, नेमक्या जागी नेऊन सोडतात. त्या दोनचार नेमक्या जागांपैकी एका जागी मी तेवीस वर्षं नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावरही हिवाळ्यातल्या चार आठवड्यांसाठी ते मला बोलावतात. आमच्याकडं शांतता-शिक्षणाचा अभ्यासवर्ग असतो. नेपाळ, केनिया, कोरिया, कोलंबिया, कुठून कुठून माणसं येतात. शिक्षक असतात, नर्स असतात, मध्येच एखादा निवृत्त फौजदार निघतो. वर्गात फळा नाही, टेबल नाही. सगळे सतरंजीवर गोल बसतात आणि एकमेकांकडून शिकतात. याला सहभागी शिक्षण म्हणतात, आणि ते घडवून आणणाऱ्या माणसाला सहजकर्ता. मी सहजकर्ता. हे मी एकदा गावातल्या पानठेल्यावर सांगून पाहिलं होतं.

"म्हंजे शिकवत नाई तुमी?" एकानं विचारलं.

"नाही."

"आन् पगार भेटते?"

भेटतो म्हटलं. त्यानं पानाला चुना लावता लावता समाधानानं मान हलवली.

सहजकर्त्याचे नियम थोडे आहेत आणि मला ते तोंडपाठ आहेत. उत्तर सुचवायचं नाही. तुमचं चुकलं, असं कोणाला म्हणायचं नाही. गावात जमिनीवर नकाशा काढायला बसलो तर पहिली रेघ आपण ओढायची आणि काडी लोकांच्या हाती द्यायची. एकदा दिलेली काडी परत घ्यायची नाही, कारण नकाशा त्यांचा असतो. त्यांनी नाला टेकडीवर चढवला तरी आपण गप्प बसायचं. आणि शेवटचा नियम असा की, वर्तुळात बसायचं पण त्यात आपलं काही घालायचं नाही. आमच्या वर्गात धाम नदीतून आणलेला एक गोटा आहे, मुठीत मावेल एवढा. तो ज्याच्या हातात असेल तो बोलतो आणि बाकीचे ऐकतात. गोटा माझ्याकडं आला की मी शेजारच्याला देतो. तेवीस वर्षं मी तो असाच पुढं देत आलो.

हा शेवटचा नियम मला फार सोयीचा पडला. खरं सांगायचं तर मला माणसांत बसायला आवडतं आणि माणसांशी बोलायला जमत नाही. या दोन्ही गोष्टी सांभाळून घेणारी दुसरी नोकरी वर्धा जिल्ह्यात तरी मला मिळाली नसती.

माझ्या बायकोनं हे लग्नानंतर वर्षभरात ओळखलं. "जगाले गोल बसवता," ती म्हणायची, "आन् घरी भितीकडं तोंड करून जेवता." मी खरोखरच भिंतीकडं तोंड करून जेवायचो. पेपर भिंतीला टेकवलेला असायचा आणि वाढणं माझ्या पाठीमागून व्हायचं. यात काही चूक आहे असं मला तेव्हा वाटायचं नाही. दिवसभर माणसांचं ऐकून आलेल्या माणसाला एवढी सूट हवी, असा माझा हिशोब होता.

ती माझ्या अगदी उलट. आमचं गाव वर्ध्यापासून बारा किलोमीटरवर, आणि घर आळीच्या कोपऱ्यावर. सकाळी अकरापर्यंत आमच्या स्वयंपाकघरात कोणी ना कोणी बाई उंबऱ्याशी बसून बोलत असायचीच. तिच्या हातचं दही आळीत नावाजलेलं होतं. कोणाच्या दह्याला तार सुटली, कोणाचं जास्तच आंबलं, कोणी आठ दिवस माहेरी राहून आलं, की वाटी घेऊन आमच्याकडं. ती चमचाभर विरजण द्यायची आणि अर्धा तास बोलायची. दिवेलागणीनंतर मात्र कोणाला द्यायची नाही. एकदा दिवा लागला की दूध, दही, मीठ घराबाहेर जात नाही, असं तिच्या आईनं सांगितलेलं. यामागं काय कारण असेल, असं मी तिला एकदा विचारलं. "तुमच्या वर्गात इचारा," ती म्हणाली, आणि आतून हसण्याचे दोन आवाज आले. दुसरा आवाज शेजारणीचा होता.

शेजारीण माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. तिचा नवरा कापसाच्या जिनिंगवर कामाला जातो. आमची मागची भिंत आणि त्यांची मागची भिंत एकच आहे, त्यामुळे त्यांच्याकडं फोडणी पडली की शिंक आम्हाला येते. ती माझ्या बायकोला बाई म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, आणि त्या नात्यानं मी तिचा भाऊजी झालो. मी तिला काहीच म्हणत नसे. तशी वेळच कधी येत नसे. काय सांगायचं ते बायकोमार्फत जायचं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर बायकोला ताप आला. आधी गावातला डॉक्टर, मग वर्धा, मग मोठा दवाखाना. सतरा दिवस मी तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून होतो आणि अठराव्या दिवशी तिला घेऊन घरी आलो ते जाळायलाच. तेरवी झाली. पाहुणे गेले, मुलगा हैदराबादला परत गेला. मग मी फ्रिज आवरायला घेतला. खालच्या कप्प्यात, पाहुण्यांनी आणून ठेवलेल्या डब्यांच्या मागं, तिची चिनी मातीची लहान बरणी होती. विरजणाची. झाकण काढलं तर आत हिरवी बुरशी. मी ती नळाखाली धरली, घासणीनं घासली आणि ओट्यावर उपडी घातली. स्मशानात मी रडलो नव्हतो, लोक पाहत होते म्हणून नव्हे, रडू आलंच नव्हतं. ते मोरीपाशी आलं. पलीकडं ऐकू जाऊ नये म्हणून मी नळ चालू ठेवला आणि टाकीतलं अर्धं पाणी वाहून गेलं.

त्या दिवसांत शेजारीण दोन्ही वेळचा डबा आणत होती. तेरवीनंतरही आणत राहिली. चार दिवसांनी मी तिला दारातच म्हटलं, "तुमचे फार आभार. आता माझं मी पाहीन." अभ्यासवर्गाच्या शेवटच्या दिवशी पाहुण्यांशी बोलतो त्याच आवाजात म्हटलं असणार. ती "बरं" म्हणाली आणि डबा घेऊन परत गेली. पुन्हा आली नाही. दुसऱ्या कोणी बायाही आल्या नाहीत. येणार कशाला? त्या ज्या बाईकडं यायच्या ती बाईच नव्हती. गावात मी काय, आंघोळीला आणि झोपेला येणारा माणूस, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि ते ठरवल्यावर मला एक वाईट तऱ्हेचं बरं वाटलं. आपल्याला कोणी विचारत नाही हे एकदा पक्कं झालं की आपल्यालाही कोणाला विचारावं लागत नाही.

एका माणसाचं घर फार हळू चालतं. अर्धी वाटी तांदूळ, एक भाजी, तीच संध्याकाळी. पेपर भिंतीला टेकवायची सवय सुटली. पाठीमागं कोणी नसल्यावर तोंड कोणीकडं करून जेवलं तरी चालतं. रविवारी मुलाचा फोन येतो आणि तो काय जेवले असं विचारतो. त्याचं उत्तर मी शनिवारीच ठरवून ठेवतो, म्हणजे अडखळायला होत नाही. दही मी वर्ध्याहून येताना आणतो, प्लास्टिकच्या डबीतलं. चव नसते, पण त्यासाठी कोणाचं दार वाजवावं लागत नाही. बरणी वाळल्यावर वरच्या फळीवर गेली, ती तेव्हापासून तिथंच उपडी होती.

आमच्या अभ्यासवर्गात एक दिवस गावाचा असतो. पाहुण्यांना एखाद्या खेड्यात न्यायचं आणि तिथल्या लोकांसोबत बसून गावाचा नकाशा काढायचा. कोण कोणाकडं जातं, कोणाचं कोणाशी पटत नाही, भांडण झालं तर मध्ये कोण पडतं, हे त्या नकाशातून हळूहळू वर येतं. तेवीस वर्षांत मी कारंजा घाडग्यापासून गिरडपर्यंत किती गावं केली, पण स्वतःचं गाव कधी घेतलं नाही. सहजकर्ता तटस्थ असावा, हे कारण मी सगळ्यांना सांगत असे आणि ते सगळ्यांना पटत असे. मलाही पटलेलं होतं.

या हिवाळ्यात गिरडच्या बाजूचं एक गाव ठरलं होतं. सकाळी साडेसातला तिथून फोन आला की गावात मयत झाली आहे, आज नको. गाडी दाराशी उभी. आठ पाहुणे टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या भरून तयार. अभ्यासवर्गाचं वेळापत्रक सांभाळणारी बाई माझ्याकडं पाहून म्हणाली, "सर, तुमचंच गाव घेऊ ना. बारा तर किलोमीटर आहे."

मी तटस्थतेबद्दल बोलायला तोंड उघडलं.

"सर, तटस्थता उद्या पाळू," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरला पत्ता सांगून मोकळी झाली.

आठवडी बाजाराचा दिवस असल्यानं कापसाची वेचणी बंद होती, म्हणून बाया घरी सापडल्या. समाजभवनापुढच्या पटांगणात पंधराएक जणी जमल्या. मला तिथं पाहून त्यांनी पदर सारखे केले. मला माझ्याच गावात पाहुण्यासारखं वाटलं, आणि पाहुण्यासारखं वाटलं तर बरंच, असंही वाटलं. मी रांगोळीनं मोठ्या रस्त्याची रेघ ओढली आणि रांगोळीची वाटी एका म्हातारीच्या हातात दिली. पुढचं त्यांनी केलं. आळ्या आल्या, नाला आला, देऊळ म्हणून एक सुपारी आली. घरांसाठी त्यांनी फुटक्या कवेलूचे, म्हणजे कौलांचे, तुकडे मांडले. कोणाचं घर कोणाच्या किती जवळ, यावर भरपूर वाद झाला. शेजारणीनं कोपऱ्यावर एक तुकडा ठेवला, जरा मागं सरकवला आणि म्हणाली, "हे भाऊजीचं." मग त्याला चिकटून दुसरा ठेवला. "हे माह्यं."

पाहुण्यांत कोलंबियाची एक शिक्षिका होती, पन्नाशीची, खेड्यातल्या शाळेत शिकवणारी. तिच्या भागात अनेक वर्षं लढाई चालली होती आणि तिच्या गावातली घरं त्या काळात एकमेकांशी बोलायची थांबली होती. लोकांना पुन्हा एकमेकांच्या दारापर्यंत नेणं हे तिचं काम. ती नकाशापाशी उकिडवी बसली, बराच वेळ पाहत राहिली, आणि तिनं मला एक प्रश्न विचारायला सांगितला. दुसऱ्याच्या घरी जाऊन लाज न वाटता मागता येईल अशी कोणती गोष्ट या गावात आहे?

मी तो मराठीत सांगितला. बाया विचारात पडल्या. मीठ? मीठ कोणी मागत नाही. साखर मागितली तर घरात साखर संपली हे गावभर होतं. मिरच्यांवर जरा वेळ बोलणं झालं. मग ती रांगोळीवाली म्हातारी म्हणाली, "इरजन." आणि सगळ्या एकदम हो हो म्हणाल्या.

"इरजन मांगाले काय लाज?" दुसरी म्हणाली. "थे का इकत भेटते?"

मी हे भाषांतर करून सांगितलं. माझ्या पिशवीत आदल्या दिवशीच्या दह्याची रिकामी डबी होती, ती मी काही दाखवली नाही.

शिक्षिकेनं आपल्या झोळीतून सुताची गुंडी काढली. आमच्याकडं पाहुण्यांना टकळीवर सूत काढायला शिकवतात. ते सगळं गाठीगाठीचं येतं, कापड विणायला कोणी घेत नाही, म्हणून ते अशा कामाला वापरतात. प्रत्येकीनं आपल्या घरापासून त्या घरापर्यंत सूत लावायचं, जिथून तिच्या घरात विरजण आलं. बायांना हे फार आवडलं. सूत तोडायचं, ओलं बोट लावून मातीवर बसवायचं, आणि 'अवं, तू माह्याकडून नेलतं, इसरली का' अशी आठवण द्यायची. दहा मिनिटांत सगळी आळी सुतानं बांधली गेली. दोन जावा होत्या, चार वर्षं न बोलणाऱ्या. थोरलीनं धाकटीच्या घरापर्यंत सूत नेलं आणि "पोराच्या हातून मांगवलं" एवढंच म्हणाली. सगळ्या हसल्या. धाकटीही हसली.

मग शेजारणीनं सूत घेतलं. आपल्या तुकड्यापासून माझ्या घराच्या तुकड्यापर्यंत, वीतभरही नाही एवढं अंतर, तिनं ते नीट बसवलं.

"आत्ताचं सांगा," मी म्हटलं. "मागचं नाही."

तिनं वर पाहिलं. "आत्ताचं?"

"हो. आजचं." आणि मी बोटानं ते सूत दाखवलं, काढा म्हणून.

  मग तिनं सूत उचललं, बोटाला गुंडाळलं आणि कमरेशी खोचलं. दुसरीकडं कुठं लावलं नाही. नकाशा पुरा झाला तेव्हा सगळ्या गावात दोनच घरं सुताविना राहिली होती आणि ती एकमेकांना लागून होती. मी नकाशा वहीत उतरवून घेतला, फोटो काढले, सगळ्यांचे आभार मानले आणि पाहुण्यांना गाडीत बसवलं.

दुपारी चारला आमचं रोजचं वर्तुळ बसलं. दिवसभरात काय पाहिलं ते एकेकानं सांगायचं. गोटा फिरत फिरत त्या शिक्षिकेकडं आला.

"मला तिथली भाषा येत नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "म्हणून मी हात पाहत होते. एका बाईनं सूत लावलं. आपल्या सहजकर्त्याच्या बोटानं ते काढायला लावलं. मला वाटलं, नकाशा तिचा होता. मला कारण कळलं नाही." तेवढं बोलून तिनं गोटा माझ्या हातात दिला. मी तिच्या शेजारीच बसलो होतो.

मी तो सवयीनं पलीकडच्या नेपाळी फौजदाराकडं धरला. उंच, शांत माणूस, तीस वर्षं पोलिसात काढलेला. त्यानं गोट्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आपले दोन्ही हात मांडीखाली घातले.

मी मनातून चिडलो. हे नियमात नव्हतं. पण कोणाच्या हातात गोटा असला की बाकीच्यांनी बोलायचं नाही हे नियमात होतं, आणि तो नियम मीच त्यांना पहिल्या दिवशी शिकवला होता. आठही पाहुणे गप्प बसले. बाहेर कोणीतरी पालापाचोळा झाडत होतं. गोटा चांगलाच जड होता.

"ते घर माझं आहे," मी शेवटी म्हटलं. "तिथं आता दही लागत नाही. माझी बायको वारली."

हे वाक्य मी त्याआधी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सांगायची वेळच आली नव्हती. दोन वर्षांनी ते पहिल्यांदा तोंडातून निघालं ते इंग्रजीत, आणि सातासमुद्रापलीकडच्या माणसांपुढं.  कोणी पाठीवर हात ठेवला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा अजून ऋणी आहे.

शिक्षिकेनं हात पुढं केला. मी गोटा तिला दिला. "मग त्या बाईला काय सांगायचं होतं," ती म्हणाली, "हे तुम्ही तिला विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. आमच्या शास्त्रातला पहिलीतला धडा आहे तो. मांडलेली वस्तू हलवायच्या आधी विचारा, ही का मांडली. मी तो धडा किती देशांच्या माणसांना दिला असेल.

पाचच्या एसटीनं गावात उतरलो तेव्हा ऊन कलंडलेलं होतं. माझं दार आधी लागतं. तिथं थांबून मी कुलूप हातात घेतलं आणि सोडलं. आत गेलो असतो तर आज नको, उद्या जाऊ, असं झालं असतं आणि उद्याही तेच झालं असतं. मला स्वतःचा भरवसा नाही. शेजारच्या दारापर्यंत वीस पावलं असतील. काय विचारायचं ते मी एसटीत तीनदा घोकलं होतं.

ती ओसरीवर बसून मांडीवर कापूस घेऊन वाती वळत होती. मला पाहून उठायला लागली.

"या भाऊजी. बसा ना."

मी बसलो नाही. "सकाळी तुम्ही ते सूत आमच्या घराकडं काऊन लावलं?"

"मंग कोठी लावू?"

"मी आजचं विचारत होतो."

"आन् मी आजचंच सांगून राह्यली होती." तिनं वात ताटलीत ठेवली. "तुमीच हात दाखोला. चार लोकाइत तुमाले काय बोलू?"

"पण आमच्याकडं तर दही लागत नाही."

"तुमच्याकडं नाई लागत, मले का मालूम नाई? एका भितीआड तं राह्यते मी." आणि मग ती मला लहान मुलाला समजावतात तशी सांगू लागली. "बाई दवाखान्यात गेल्या ना, त्याच्या आदल्या रोजी मी वाटीभर इरजन नेलतं तुमच्या घरून. थेच चालू हाय. रोज थोडं काढून ठेवते, रोज लावते. दोन वर्सं झाली, तुटू नाई देल्लं. माहेरी गेली तं डबीत घालून संग नेलं. घरवाले हासते मले. आता सांगा, माया घरातलं दही कोनाच्या घरचं हाय?"

मी ओसरीच्या खांबाला हात लावला. त्या घरात, भिंतीच्या पलीकडं, माझ्या बायकोचं दही रोज रात्री लागत होतं आणि मी अलीकडं प्लास्टिकची डबी उघडून बसत होतो. मला धाय मोकलून रडावंसं वाटलं आणि मी खांबावरचा रंग नखानं खरवडत राहिलो.

"मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"कवा सांगू?" ती म्हणाली. "तुमी तं आभार मानले आमचे. आभार मानल्यावर कोन येते दाराशी?"

 मी ते चांगुलपणानं म्हटलं होतं. तिच्या लेखी, आणि माझ्या बायकोच्याही लेखी, आभार परक्यांचे मानतात. मी तिला रीतसर परकी करून दारातून परत पाठवलं होतं आणि मग दोन वर्षं, गाव मला विसरलं, असं म्हणत बसलो होतो.

ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात स्टीलची वाटी होती, वर ताटली झाकलेली. "दिवा लागाच्या आंधी आले, बरं केलं," ती म्हणाली. "नाईतं नसतं देल्लं. बाईनंच शिकवलं मले. घ्या. वाटी सवडीनं आनून देजा."

माझ्या तोंडाशी आभार आले. ते गिळायला मला बराच जोर लावावा लागला. "बरं," मी म्हटलं.

घरी येऊन वरच्या फळीवरची बरणी काढली. तिच्यावर धूळ होती, ती धुतली. चहासाठी आणलेली अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी फोडून दूध तापवलं. ते कोमट झाल्यावर विरजण लावतात एवढं ऐकून माहीत होतं, पण कोमट म्हणजे किती हे काही ठाऊक नव्हतं. तेवीस वर्षं मी प्रश्न विचारायचा पगार घेतला. त्यातले बहुतेक प्रश्न असे होते की त्यांची उत्तरं काय येणार याचा मला आधीच अंदाज असायचा. पातेलं हातात घेऊन मी मागच्या भिंतीपाशी गेलो. तिला काय म्हणून हाक मारायची हेही माहीत नव्हतं.

"ऐकलं का," मी भिंतीला म्हटलं. मग जरा मोठ्यानं, "दूध केवढं गार होऊ द्यायचं?"

पलीकडं भाकरी थापण्याचा आवाज थांबला. "बोट घालून पाहा," उत्तर आलं. "बोटाले चटका नाई बसला पाह्यजे. आन् एक चमचाच टाकजा, वाटीभर नोका वतू!" मग तिच्या नवऱ्याचं हसणं ऐकू आलं, आणि तिचंही.

सकाळी बरणीचं झाकण काढलं. दही लागलं होतं. वर साय धरली होती आणि बरणी हलवली तर आतलं सगळं एकसंध थरथरत होतं. मी ओट्यापाशी उभ्यानंच एक चमचा खाल्लं. चव तीच होती. दुसरा चमचा लगेच घेता आला नाही, म्हणून चमचा धुऊन ठेवला आणि जरा वेळ खिडकीतून बाहेर पाहिलं. आळीतून पेपरवाला गेला.

अर्ध्या लिटरचं दही एका माणसाला जास्त होतं. उद्याच्या विरजणापुरतं मी बरणीत ठेवलं. मग तिची वाटी घासली, कोरडी केली. वाटी रिकामी परत द्यायची नसते, हे मला कोणी सांगायला लागलं नाही. मी ती काठोकाठ भरली आणि चपला शोधायला लागलो.